मांडीवरचे खळगे

गेल्या महिन्यात नातीच्या हातात एक गुळगुळीत कागद पाहिला. रामदासपेठेतल्या कुठल्याशा दवाखान्याचा होता. त्यावर एका बाईच्या मांडीची दोन चित्रं, एक उपचाराआधीचं आणि एक नंतरचं. पहिल्यात मांडीच्या मागच्या बाजूला बारीक खळगे होते, दुसऱ्यात कातडी अगदी सपाट. नातीचं लग्न ठरलं आहे. सहा वेळा जायचं, यंत्रानं कातडी वर ओढतात, मग मलम लावतात, घट्ट पट्टे बांधतात, असं ती आईला समजावून सांगत होती. त्या खळग्यांना आता सेल्युलाईट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

सून म्हणाली, "आमच्या सासूबाई कुळथाचं पीठ चोळायच्या म्हणे. बाबा, खरं का हो?"

मी हो म्हणालो आणि उठून अंगणात गेलो. मागून दोघींचं हसणं ऐकू आलं. "आजोबा लाजले."

मी लाजलो नव्हतो. माझी बायको सात वर्षं मांड्यांना पीठ चोळत राहिली, ती मी बोललेल्या एका खोट्यामुळे. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली. आणि आमच्या बैठकीत एक चौकट टांगलेली आहे, तिच्यात उत्कृष्ट काठाबद्दल मला मिळालेलं प्रशस्तिपत्र आहे. ज्या लुगड्यासाठी ते मिळालं त्यातला एक धागाही मी विणलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मुलांना मी त्या कधी सांगितल्या नाहीत. आता लिहून ठेवतो.

आमचं घर विणकरांचं. घरात शिरलं की डाव्या हाताला माग होता, खड्डामाग. म्हणजे जमिनीत मांडीइतका खोल खड्डा. विणणारा त्याच्या कडेवर बसतो, पाय आत सोडतो, पायांनी पावड्या दाबतो, हातानं आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकतो आणि फणीनं तो धागा ठोकून बसवतो. बायकांची कामं ठरलेली. सूत उकलायचं, चरख्यावर धोट्यात घालायच्या कांड्या भरायच्या, पहाटे गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरून त्याला खळ लावायची. माग पुरुषाचा. असा नियम कुणी कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही, पण आमच्या गल्लीतल्या एकाही घरात बाईचे पाय खड्ड्यात नव्हते.

नागपुरी लुगड्याचा अंगभाग सुती आणि काठ रेशमी. सुताचा ताण वेगळा, रेशमाचा वेगळा. हात जरा कमीजास्त झाला की काठ आत ओढला जातो. काठ दोरी लावल्यासारखा सरळ येणं हीच आमच्याकडे कारागिराची परीक्षा. माझ्या वडिलांचा काठ तसा यायचा. माझा दर दोन विती सोडून किंचित आत जायचा. ज्या व्यापाऱ्याकडे आम्ही माल द्यायचो तो काठावरून बोट फिरवत यायचा, बोट त्या जागी थांबायचं आणि तो म्हणायचा, "तुह्या बापाचा हात काही तुले आला नाही गा."

हे तो दर खेपेला म्हणायचा. मी हसून घ्यायचो.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मला मुदतीचा ताप आला. मागावर लुगडं अर्धवट होतं आणि लग्नघरचं होतं, तारखेला द्यायचं होतं. माझ्यानं उठून बसवतही नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी मला जाग आली ती मागाच्या आवाजानं. मला वाटलं तापात भास होतो आहे. मान वळवून पाहिलं तर बायको मागावर बसलेली. लुगड्याचा कासोटा वर खोचलेला, पाय खड्ड्यात, ओठ घट्ट मिटलेले. आई जवळच आमच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, जसं काही हे रोजचंच आहे.

"हे काय चाललं?" मी म्हणालो.

आई म्हणाली, "काय चालन? लगन थांबते का तुह्या तापासाठी? बसली थे. बसू दे."

बायकोनं मान वर केली नाही. "तुटला तं सांगा जी," एवढंच म्हणाली. म्हणजे धागा तुटला तर.

धागा तुटला नाही. मी खाटेवर पडून ऐकत राहिलो. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला आवाजावरून विणणारा कळतो. माझा माग धडपडत चालायचा, मध्येच घाई, मध्येच ढील. तिचा आवाज एकसारखा होता. पावडी, धोटा, फणीचा ठोका. पावडी, धोटा, ठोका. सहा वर्षं ती मागाच्या शेजारी बसून कांड्या भरत होती. तेवढ्या काळात तिनं नुसतं पाहून सगळं उचललं होतं आणि माझी चूक कुठे होते तेही तिला कळलं होतं. मी मनात ठोके मोजायचो आणि आता तरी चुकेल म्हणून वाट पाहायचो. माझ्या घरासाठी, माझ्या औषधासाठी राबणाऱ्या बाईचा धागा तुटावा म्हणून मी वाट पाहत पडलो होतो. तापात माणूस काहीही विचार करतो, असं मी पुढे स्वतःला सांगितलं. पण ताप उतरल्यावरही तो विचार उतरला नाही.

लुगडं तयार झालं. व्यापारी स्वतः मला पाहायला आला, तेव्हा आईनं ते त्याच्यासमोर उलगडलं. त्यानं काठावर बोट ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता नेलं. मग पुन्हा नेलं.

"अरे वा गा!" तो म्हणाला. "ताप येऊन हात सुधरला तुहा! आज तुह्या बापाची याद आली मले."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बायको दाराआड होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हाव जी, मेहनत केली थोडी."

तो गेल्यावर आई मोठ्यानं हसली. "सांगून तं टाकतं लेका! तुह्यापेक्षा तिचा काठ सरळ येते म्हनून." बायको म्हणाली, "जाऊ द्या नं आत्याबाई. घरचंच हाय." तिला खरंच त्याचं काही वाटलं नव्हतं. ती खुशीत होती. त्या दिवशी भाजीत मीठ टाकायला विसरली आणि ती स्वतःच हसत बसली.

मी बरा झालो तरी दुपारचा माग तिच्याकडे राहिला. सकाळी मी, दुपारी ती. माल वाढला आणि सुधारला. तिनं पदराजवळच्या काठात एक बारीक रुईफुलाची ओळ घातली. ती तिच्या डोक्यातून निघाली होती, आमच्या घरात कुणी तशी विणत नव्हतं. ते लुगडं व्यापाऱ्यानं हिवाळ्यातल्या प्रदर्शनाला पाठवलं. मांडवात माझं नाव पुकारलं गेलं. मी चुलतभावाचा कोट घालून वर गेलो आणि प्रशस्तिपत्र घेतलं. बायकांच्या बाजूला ती उभी होती आणि मोठ्यानं टाळ्या वाजवत होती.

घरी येताना ती म्हणाली, "आपली फुलं आवडली जी त्याहिले."

आपली म्हणाली. माझी नाही म्हणाली. तिच्या जागी दुसरी असती तर टोमणा तरी मारला असता आणि मग मला भांडता आलं असतं. तिच्या त्या 'आपली' या शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाटेत तिच्या चार पावलं पुढे चालत राहिलो.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. अमावास्या होती. आमच्याकडे अमावास्येला माग बंद असतो. ती न्हाऊन आली होती आणि मागच्या दाराशी उजेडात पाठमोरी उभी राहून ओलं लुगडं बदलत होती. तिच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला मला खळगे दिसले. बोटानं दाबून ठेवावेत तसे, बरेच. आणि त्यांच्या मधोमध खड्ड्याच्या कडेचा लाल आडवा वळ.

"हे काय वं झालं तुले?" मी म्हणालो.

"काय?"

"मांडीले. मागून. खड्डे पडून राहिले."

ती मान वळवून पाहायला लागली. दिसेना. आमच्या घरात तळहाताएवढा आरसा, तो कुंकवापुरता. तिनं हातानं चाचपून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मलाही काळजीच वाटली होती. आपल्याला काय ठाऊक बाईचं शरीर! ती काळजी किती वेळ टिकली तेही मला ठाऊक आहे. ती वळून म्हणाली, "कडेवर बसून झालं का जी हे? माग सोडा लागन का मले?" तोवर टिकली.

दुसऱ्या दिवशी आईनं बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणाऱ्या म्हातारीला बोलावलं. तिनं बोटांनी चिमटा घेऊन कातडी वर उचलली.

"पाहा बाई, संत्र्याच्या सालीवानी होऊन गेलं," ती म्हणाली. "खड्ड्यातली ओल चढली वं मांडीत. बाळंतपनानंतर अंग पोकळ रायते, त्यात तू ओलीत पाय सोडून बसते. काढतो मी एका महिन्यात."

तिची पद्धत अशी: आधी कोमट तिळाचं तेल, खालून वर चोळायचं, कधीही वरून खाली नाही. मग कुळथाचं भाजलेलं पीठ कोरडंच रगडायचं, कातडी लाल होईपर्यंत. शेवटी तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक. महिना झाला. कातडी मऊ झाली, खळगे तसेच राहिले. म्हातारी म्हणाली, ओल जुनी आहे.

मग महाल भागातल्या एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली. मांडी दाखवायची वेळच आली नाही, ते बरंच झालं, ती तयारही नव्हती. मेद वाढला आणि वातानं वाट अडवली, असं त्यांचं निदान. गुग्गुळाच्या गोळ्या गरम पाण्याबरोबर, भात बंद, दही बंद, दुपारची झोप बंद. दुपारी ती झोपत नव्हतीच. दुपारी ती माझ्या मागावर असायची आणि अजूनही बसत होती, कारण म्हातारीनं काय किंवा वैद्यांनी काय, माग सोड असं स्पष्ट कुणीच म्हटलं नव्हतं. म्हातारी खड्ड्यात कोरडं तट्ट्याचं अंथरूण टाक म्हणाली होती, ते तिनं टाकलं होतं. फक्त ती आता बसताना घाबरायची. दर थोड्या वेळानं उठून मांडी चाचपायची.

शेवटी तीच म्हणाली, "एकदा डाक्टरनीले दाखवू. जे हाय थे हाय."

सीताबर्डीच्या पलीकडे बायकांचा दवाखाना होता. तिथली डॉक्टरीण बाहेरची, हिंदीत बोलायची. तिनं बायकोला आत पडद्यामागे नेऊन तपासलं. मग नर्सनं तिला रक्त काढायला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. बाईचा आजार तिच्या नवऱ्याला सांगायची तेव्हा रीतच होती, बाईला नाही.

"इसमें बीमारी कुछ नहीं है," ती म्हणाली. "चमड़ी के नीचे की चरबी है. औरतों को होती ही है. दुबली को भी होती है."

"दवाई?" मी विचारलं.

"दवाई किस बात की? मालिश से आराम लगता है तो कराओ, लेकिन ये जाएगा नहीं. गोलियाँ बंद करो. चावल खाने दो उसको, खून कम लगता है." मग तिनं विचारलं, दिवसभर काय काम करते? मी सांगितलं. ती म्हणाली, "तो अच्छा है. पाँव चलते हैं. काम मत छुड़ाना. जहाँ बैठती है वहाँ कपड़े की गद्दी रख दो, निशान नहीं पड़ेगा."

इतकं साधं होतं. जुन्या लुगड्याची एक घडी.

बायको दंडाला कापूस धरून बाहेर आली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर निंबाखाली ती थांबली. "काय म्हनली जी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या तोंडावर होती, मारकुट्या गुरुजीसमोर पोर उभं राहतं तशी. मला व्यापाऱ्याचं बोट आठवलं असं मी म्हणू शकतो, पण खरं म्हणजे मला काहीच आठवलं नाही. शब्द तयार असल्यासारखे आले.

"माग सोड म्हनते. कडेवर बसून नसा दबून राहिल्या. ऐकलं नाही तं पाय जातीन म्हनते."

"दोन्ही?"

"हाव."

तिनं दंडावरचा कापूस काढून टाकला. मग म्हणाली, "कायमचा सोडा लागन?"

इथे मी 'हो' म्हणालो असतो तर निदान एकच पाप झालं असतं. ती चार दिवस रडली असती आणि विसरली असती. पण तिचं तोंड पाहून मला दयाही आली, आणि त्या दयेनं मी जास्त वाईट काम केलं. म्हणालो, "खड्डे गेले का बस मग. मी कोठी नाही म्हनतो? जाईपर्यंतच."

"जातीन नं जी?"

"जातीन."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा माग माझा झाला. गोधडीची घडी कडेवर मी घातली. स्वतःसाठी. आई म्हणाली, "चांगलं सुचलं तुले. आधी सुचलं असतं तं पोरीच्या मांड्या तं वाचल्या असत्या." बायको चरख्याजवळ बसून कांड्या भरू लागली, पहिल्यासारखी.

डॉक्टरणीनं गोळ्या बंद करायला सांगितलं होतं, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, म्हणून विचारलं असतं. भात खा म्हणाली होती, तेही नाही. तिनं वर्षभर भाताला हात लावला नाही. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती आतल्या खोलीत तेल, पीठ आणि मिठाची पुरचुंडी घेऊन बसायची. कुळथाच्या पिठाचा वास आमच्या घराचा वासच होऊन गेला. कुणीतरी सांगितलं म्हणून काशाच्या वाटीनं घासून पाहिलं. कुणी सांगितलं म्हणून मांड्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या. मग पाय काळेनिळे व्हायला लागले, तेव्हा ते सोडलं.

आणि दर अमावास्येला, माग बंद असायचा त्या दिवशी, ती न्हाऊन मागच्या दाराशी उजेडात पाठमोरी उभी राहायची. तिला स्वतःला ती जागा दिसत नव्हती. सासूला विचारायची तिला लाज वाटायची. दाखवायला एक मीच होतो.

"पाहा बरं जी. कमी झाले?"

मी पाहायचो. म्हणायचो, "थोडे कमी हायत. हायत पन."

"मांगच्या खेपेपेक्षा?"

"हाव, मांगच्यापेक्षा कमी."

तिला आशा लागून राहील एवढं कमी आणि मागावर बसता येणार नाही एवढं शिल्लक. असं तोलून मी सात वर्षं सांगत आलो. कधी कधी तिच्या समाधानासाठी बोटानं दाबूनही पाहायचो. ते अगदी पहिल्या दिवशी होते तितकेच होते.

एकदा शेजारच्या घरी भिवापूरची सून आली. तिच्या माहेरी सुजलेल्या गुडघ्यावर मिरचीचं तेल लावतात म्हणे. आग होते, पण साचलेलं सगळं वितळून जातं. तिनं माहेरच्या मिरच्या दिल्या. बायकोनं त्या तिळाच्या तेलात कढवल्या आणि कुणाला न सांगता दोन्ही मांड्यांना लावून वर फडकं बांधलं. मी मागावर होतो. आतून आवाज आला नाही, नुसतं बालदी सरकल्याचं ऐकू आलं, पुन्हा पुन्हा. जाऊन पाहिलं तर ती जमिनीवर पालथी पडून तोंडात पदर कोंबून राहिली होती. फोड आले होते.

मी पळत जाऊन गवळ्याकडून लोणी आणलं आणि माझ्या हातांनी लावलं. तिची पाठ हलत होती. म्हणाली, "जळलं तेवढं जाईन तरी नं जी?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. लोणी लावता लावता सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, आता सांगितलं तर हे फोड माझ्या नावावर येतील. मी म्हणालो, "हलू नको, लागन." चार दिवस तिला बसता येत नव्हतं. तिनं चरखा मोठ्या पेटाऱ्यावर ठेवून उभ्यानं कांड्या भरल्या.

या वर्षांत माझा काठ सुधारला नाही. व्यापाऱ्याचं बोट पुन्हा थांबायला लागलं. "प्रदर्शनातल्यावानी काहून नाही होत गा आता? तोराच चढला काय तुले?" असं तो म्हणायचा. मी सुताला दोष द्यायचो. घरात प्रशस्तिपत्राला चौकट बसवून आणली आणि टांगली. ती रोज ती चौकट पुसायची. मला वाटायचं, मला खिजवायला पुसते. ती घरातलं सगळंच पुसायची.

आई वारली. छप्पन्न साली नागपूरची राजधानी गेली, त्याच साली बायकोच्या धाकट्या बहिणीचं उमरेडला बाळंतपण होतं. बहिणीचा नवरा शाळेत शिपाई होता, त्यांच्या घरात माग नव्हता. बायको सव्वा महिना तिकडे जाऊन राहिली. परत आली ती अमावास्येच्या दोन दिवस आधी. अमावास्येला ती न्हाली, लुगडं नेसून बाहेर आली आणि तांदूळ निवडत बसली.

मीच म्हणालो, "आज दाखवत नाही वं?"

"कायले?" ती म्हणाली. हात थांबला नाही. "तिकडची मालिशवाली आठ दिवस आली नाही. बहिनीले मीच चोळून दिलं. तिले बी हायत. माह्यापेक्षा जास्त हायत."

मी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालायला लागलो.

"तिनं तं खड्ड्यात कधी पाय नाही सोडला," ती म्हणाली. "मंग मी आईले विचारलं. आई हासली. म्हने, बाईची जातच तशी, मले बी हायत, तुह्या आजीले बी होते. काहून विचारते म्हने."

तांदळातला एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला.

"डाक्टरनी काय म्हनली होती जी?"

"लय दिवस झाले," मी म्हणालो. "आता नाही आठवत मले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला किती कळलं ते मी सांगू शकत नाही. सगळं कळलं असावं. पुढे उभ्या जन्मात तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. सूप उचलून आत जाताना म्हणाली, "उद्या दुपारी मी बसतो मागावर."

दुसऱ्या दिवशी मी न बोलता उठलो. तिनं कासोटा वर खोचला, पाय खड्ड्यात सोडले आणि पावडीवर पाऊल फिरवून जागा शोधली. सात वर्षांत मी फणी बदलली होती, पावड्यांच्या दोऱ्या माझ्या पायाच्या मापानं आखडल्या होत्या. तिनं धोटा फेकला. मी बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. आवाज एकसारखा नव्हता. धागा तुटला, तिनं जोडला, पुन्हा तुटला. तासाभरानं आवाज थांबला. मी आत गेलो. तिनं वीतभर विणलं होतं आणि काठ दोन जागी आत ओढला गेला होता. माझ्यासारखाच. माझ्याहून जास्त.

हे लिहायला हात धजत नाही, पण हेच लिहायला बसलो होतो. तो काठ पाहून मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.

"बसत बसत येईन हात," मी म्हणालो.

"नाही येत जी आता," ती म्हणाली. मीठ संपलं म्हणून सांगावं तशी. "तेव्हा मी बावीसची होती." आणि कडेला हात टेकून ती उठली.

मी तिच्या जागी बसलो आणि तिथून पुढे विणायला लागलो. उसवून पुन्हा विणायला हवं होतं ते विणलं नाही. पंधरवड्यानं व्यापारी माल न्यायला घरी आला. काठ तपासता तपासता त्या वीतभर जागेवर थबकला आणि त्यानं कपाळाला आठी घातली.

"इथं काय करून ठेवलं गा?"

"थे बायको बसली होती," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत तिच्या हाताचं काम तिचं आहे, असं मी बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा बोललो. ती चार हातांवर कांड्या भरत होती. चरखा थांबला नाही.